पिस्ता की रुईचं पान?

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, त्याचे पंचनामे झाले. भिंतींनी किती पाणी पिलं, ते कुणी मोजलं नाही. तरीही पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात ज्यांना दिवाळीआधी निदान पुढची खोली रंगवायचीच आहे, त्यांच्या घरातला वाद ठरलेला: आईला पिस्ता हवा, मोबाइलवर घरं बघणाऱ्या लेकीला ‘सेज ग्रीन’.

सेज नावाची वनस्पती आपल्याकडे कुणी पाहिलेली नाही, पण तो रंग बांधावर उभा आहे. शनिवारी मारुतीला वाहतात त्या रुईचं पान, त्यावरची पांढुरकी लव, म्हणजेच सेज. हिरव्याला राख फासलेली. पिस्त्यात मात्र पिवळा वरचढ.

शेडकार्डावर दोन्ही गोड दिसतात. फसगत भिंतीवर होते. मोबाइलमधल्या त्या खोलीला मोठ्या खिडक्या असतात आणि दिवे पिवळसर. आपल्याकडे खिडकी एक, तीही ओसरीच्या पत्र्याखाली. वर ६५०० केल्विनची पांढरीफटक एलईडी ट्यूब. या उजेडात निळा भरपूर, तांबडा कमी. आधीच राखाडी असलेला सेज त्यात आणखी विझतो आणि पैसे मोजून रंगवलेली भिंत कोऱ्या गिलाव्यासारखी दिसते. पिस्ता याच ट्यूबखाली तग धरतो. त्याची खोड वेगळी: पश्चिमेच्या खोलीत चारच्या उन्हात तो लिंबाकडे झुकतो. शिवाय चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून कार्डावर आवडला त्याहून एक पायरी फिका घ्यावा.

माझं मत विचाराल, तर सेजचा हट्ट असल्यास आधी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावून बघा. तो रंगाच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. ते जमणार नसेल तर पिस्ता. जुनाट म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

ओल्या भिंतीवर पोपडे मात्र दोन्ही हिरव्यांचे सारखेच. वीतभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर थांबा, दिवाळी गेली तरी चालेल. आणि दारांवरचा जुना चकचकीत हिरवा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या हिरव्यात शिसं असलेला पिवळा मिसळलेला असू शकतो. आधी पाणी मारा, मग घासा, आणि लेकरांना तेवढा वेळ शेजारी पाठवा.