हार्डबोर्डाआडचा कठडा

१९६०च्या दशकात बीबीसीवर बॅरी बकनेल घरच्या घरी सुतारकाम शिकवायचे. जुने नक्षीदार कठडे हार्डबोर्डने झाकायची टूम त्याच काळातली. धूळ पुसायला सोपं म्हणे! आता तोच हार्डबोर्ड उखडून ब्रिटिश घरमालक पुन्हा कातीव लाकडी गज बसवतात. नशीब असेल तर आत जुनेच शाबूत सापडतात.

नव्यांसाठी तिथला नियम असा: दोन गजांमधून १०० मिलिमीटर व्यासाचा चेंडू जाता कामा नये. लहान मुलाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं, म्हणून. गंमत मापात आहे. ४२ अंशांच्या जिन्यावर आडवं १०० मिलिमीटर अंतर तिरक्या दांडीवर सुमारे १३५ भरतं. तेव्हा खुणा करण्याआधी ओळंबा लावा.