दुकानाचा पहिला संगणक : सुटे भाग घेताना पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

आमच्या परिचयाचे एक जरीकाम करणारे कारागीर आहेत. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी घरीच संगणक जोडायचे मनावर घेतले. भागांची यादी तयार होती. बाजारात गेले तेव्हा दुकानदाराने "हाच प्रोसेसर, पण थोडा स्वस्त" असे म्हणून दुसरी पेटी पुढे केली. चार पैसे वाचतात म्हणून त्यांनी तीच घेतली. घरी येऊन सर्व जोडले. पंखे फिरले, दिवे लागले, पण मॉनिटर काळाच राहिला. दोन दिवस तारा काढून-घालून झाल्या, तेव्हा एका जाणकाराने पेटीवर बोट ठेवले. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर होते. त्या अक्षराचा अर्थ असा, की या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नाही. पेटी फोडलेली असल्याने माल परत झाला नाही. ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागले. शेकड्यात वाचवले, हजारात घालवले, आणि ऑर्डरीचे दिवस गेले ते वेगळेच.

ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. आपले बांधव कापडाचा पोत हाताने ओळखतात, लाकडाची गाठ नजरेने हेरतात. संगणकाच्या भागांची तशी सवय नसते, म्हणून डोळे आकड्यांवर जातात. आम्ही येथे एक साधी कसोटी सांगणार आहोत. जो भाग पुढे बदलणे अवघड, किंवा जो बिघडला तर इतरांनाही घेऊन बुडेल, त्यावर आधी पैसा घालावा. जो भाग पुढे सहज वाढवता येतो, तो आज कमी घेतला तरी चालतो. एवढे धरून चालले, तर हातात असेल तेवढ्याच रकमेत आज कामाचा संगणक उभा राहतो आणि कमाई होईल तसा वाढवता येतो. व्याजाच्या हप्त्यात पाय अडकवण्याची वेळ येत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र कसे बसतात?

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला 'पीसी' बाजारात आणला. तो बनवताना तिने बराचसा माल बाहेरच्या कंपन्यांकडूनच घेतला होता आणि त्याची तांत्रिक माहितीही उघड ठेवली होती. त्यामुळे त्याच्याशी जुळणारे संगणक व भाग इतरांनाही बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवले. मदरबोर्ड केवढा असावा, स्क्रूची भोके कुठे असावीत, पॉवर सप्लायची जोडणी कशी असावी, हे त्यात आहे. म्हणून आजही एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. छोट्या दुकानासाठी 'मायक्रो एटीएक्स' हे चौरस माप, म्हणजे २४४ बाय २४४ मिलिमीटर, पुरेसे असते आणि स्वस्तही पडते.

मात्र सर्वच भाग सर्वांना बसत नाहीत. खरी फसगत तिथेच होते.

आधी काम लिहून काढा

बाजारात जाण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहाव्यात : या संगणकावर रोज काय चालणार आणि त्याला कोणते सॉफ्टवेअर लागते. बिले, जीएसटीचा हिशेब, मालाची नोंद आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल, तर सर्वांत साधा चालू पिढीचा प्रोसेसरही पुरून उरतो. लग्नपत्रिका, फलक, भरतकामाचे डिझाइन असे चित्रांचे काम असेल तर रॅम आणि मॉनिटरवर जास्त खर्च करावा. लांब व्हिडिओ कापण्या-जोडण्याचे काम असेल, तरच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. मुलगा म्हणतो म्हणून खेळासाठीचे कार्ड दुकानाच्या खर्चात घालू नये. ते पुढेही घालता येते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : जोडी जुळवूनच घ्यावी

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला 'सॉकेट' म्हणतात. सॉकेट जुळले नाही तर दोन्ही वस्तू चांगल्या असूनही निरुपयोगी. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीसाठी 'एलजीए १७००' हे सॉकेट आहे. ते २०२१ मध्ये आले. एएमडीचे 'एएम४' हे सॉकेट २०१७ च्या रायझन प्रोसेसरांपासून चालत आले, तर 'एएम५' २०२२ मध्ये आले.

हिशेबाच्या कामाला इंटेलचा आय३-१२१०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी अशा दर्जाचा प्रोसेसर पाहावा. पहिल्यात चार कोअर आहेत, दुसऱ्यात सहा. दोन्हींमध्ये चित्र दाखवणारा भाग आहे, म्हणून ग्राफिक्स कार्ड लागत नाही. येथे अक्षराकडे नीट पाहावे. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर चित्र नाही. एएमडीच्या ५६००जी मध्ये चित्र आहे, पण नुसत्या ५६०० मध्ये नाही.

दुसरा सापळा बोर्डाच्या 'बायोस'चा. सॉकेट तेच असले तरी जुन्या साठ्यातला बोर्ड नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारावे : "या बोर्डात हा प्रोसेसर लगेच चालेल का? बायोस नवे करून द्याल का?" चांगला दुकानदार ते तिथेच करून देतो.

बोर्ड घेताना दिखाऊ दिव्यांना भुलू नये. पाहायचे ते एवढेच : रॅमच्या किती खाचा आहेत, एम.२ एसएसडीची जागा आहे का, आणि आपल्या मॉनिटरची तार लागेल असे तोंड मागे आहे का.

रॅम : आज कमी, उद्या जास्त

रॅमच्या दोन पिढ्या बाजारात दिसतात, डीडीआर४ आणि डीडीआर५. दोन्हींच्या पट्टीला २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला तर बोर्ड तुटेल. एएम४ ला डीडीआर४ च लागते, एएम५ ला डीडीआर५ च. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून पेटीवर वाचूनच घ्यावे.

बिलाच्या कामाला ८ जीबी चालते. डिझाइनसाठी १६ जीबी असावी. प्रोसेसरमधल्याच चित्रभागावर काम चालत असेल, तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या जास्त वेग देतात. पण स्वस्त बोर्डावर दोनच खाचा असतात आणि दोन्ही भरल्या की पुढे वाढवायला जागा उरत नाही. रक्कम कमी असेल तर आज ८ जीबीची एक पट्टी घ्यावी आणि पुढच्या हंगामात तशीच दुसरी घालावी. थोडा वेग कमी मिळेल, पण काम अडणार नाही.

एक सावधगिरी : रॅमचा भाव स्थिर नसतो. २०२५ च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने हे भाव झपाट्याने चढले. म्हणून महिन्यापूर्वीच्या यादीवर विसंबू नये, त्याच दिवशी तीन दुकानांत विचारावे.

साठवण : एसएसडीच घ्यावी

फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी माहिती वाचते. साध्या साटा एसएसडीचा वेग ५५० एमबीपर्यंत जातो, तर एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्याही कित्येक पट पुढे जाते. पण बिलाच्या कामात पहिला फरक डोळ्यांना दिसतो, दुसरा फारसा जाणवत नाही. तेव्हा एसएसडी घ्यावीच, पण वेगाच्या शर्यतीत पडू नये. एम.२ आकाराची घेताना बोर्डाची खाच साटा मानते की एनव्हीएमई, हे विचारून घ्यावे, कारण आकार सारखा दिसतो.

आणि हे लक्षात ठेवावे, की एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि मग आतला मजकूर मिळवणे फार कठीण होते. उधारीची वही हरवली तर धंद्याचे काय होते, हे दुकानदाराला सांगायला नको. रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ती घरी न्यावी.

पॉवर सप्लाय : इथे कंजूषी नको

हाच भाग सर्वांत दुर्लक्षित आणि हाच सर्वांत घातक. स्वस्त कॅबिनेटबरोबर 'मोफत' येणारा पॉवर सप्लाय बिघडला तर बोर्ड, रॅम, एसएसडी असे सर्वच घेऊन जाऊ शकतो.

डब्यावरच्या मोठ्या आकड्याला फसू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. समजा, डब्यावर ४५० वॅट लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत. गुणाकार २१६ वॅट येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच रांगेवर चालतात, म्हणजे खरी ताकद एवढीच. चांगल्या मालात हा गुणाकार डब्यावरच्या आकड्याच्या जवळपास येतो. '८० प्लस' ही खूणही पाहावी. ती खूण असलेला सप्लाय घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी लावतो.

किती वॅट लागतात, तेही मोजता येते. आय३-१२१०० भरात असताना ८९ वॅटपर्यंत घेतो. बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून आणखी ४०-५० धरा. दीडशेच्या आतच काम भागते. म्हणून ४०० ते ४५० वॅटचा खरा सप्लाय भरपूर झाला. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड घालायचा बेत असेल तर ५५० चा घ्यावा. एकूण रकमेचा दहावा हिस्सा तरी या भागासाठी राखून ठेवावा, असे आमचे मत आहे.

वीज वरचेवर जाते अशा गावी यूपीएसही हवा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. लेझर प्रिंटर त्यावर कधी जोडू नये. आणि जोडणीला खरे अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

यंत्रमागाच्या किंवा सुतारकामाच्या कारखान्यात कापसाची लव आणि भुसा पंख्यात बसतो. तिथे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, ते जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे आणि महिन्यातून एकदा साफ करावे.

जुना माल कोणता चालेल?

कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस आणि डोळ्यांदेखत चालवून पाहिलेला मॉनिटर जुना घ्यायला हरकत नाही. पॉवर सप्लाय आणि एसएसडी मात्र नवीनच घ्यावेत.

कचेऱ्यांतून निघालेले पूर्ण संगणकही स्वस्तात मिळतात. नुसत्या बिलासाठी ते कित्येकदा सुट्या भागांपेक्षा परवडतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या अशा संगणकांत बोर्ड व पॉवर सप्लाय पुष्कळदा त्यांच्याच खास मापाचे असतात, म्हणून पुढे बदलणे अवघड जाते.

विंडोजची किंमतही हिशेबात धरावी. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरला विंडोज लागते. नुसते पत्रव्यवहार व तक्ते असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य मिळते. चोरीची प्रत टाकून घेऊ नये. ती हक्काची नव्हे, आणि तिच्यातून व्हायरस येऊन हिशेबच जाण्याचा धोका असतो.

बिल पक्के, हमी पक्की

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालासाठी प्रसिद्ध आहे. तिथे वा कुठेही "बिलाशिवाय स्वस्त देतो" असे ऐकू येते. ३०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्क्यांनी ५,४०० रुपये जीएसटी होतो, म्हणून मोह होतो. पण बिल नसेल तर हमी मागायची कशाच्या आधारे? शिवाय आपण नियमित जीएसटीत नोंदलेले असाल आणि संगणक धंद्यासाठी असेल, तर आपला क्रमांक घातलेल्या बिलावर हा कर वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेत ही सवलत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. पेटीबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी असते. सुट्या 'ट्रे' मालाची हमी मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर असते.

शेवटी एक विनंती. शक्य असेल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय काउंटरवरच बोर्डाच्या पुठ्ठ्यावर ठेवून जोडायला सांगावे आणि मॉनिटरवर चित्र आलेले पाहूनच पैसे द्यावेत. पंधरा मिनिटांचे काम आहे. घरी जोडताना आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

आमचे ते जरीकाम करणारे मित्र आज दुसऱ्यांना यादी करून देतात. यादीत पहिली ओळ ते पॉवर सप्लायची लिहितात, आणि प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर दोनदा वाचतात. घामाचा पैसा बाजारात नेताना एवढी खबरदारी आपणही घ्यावी.