पादास्थींचे सरळीकरण : हात, कुशा आणि तार

सदाशिव पेठेत औषधांची घाऊक दुकाने आणि शल्योपकरणांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. गुग्गुळाच्या डब्यांपासून चार पावलांवर प्लास्टरच्या गुंडाळ्या, कुबड्या आणि कमरेचे पट्टे टांगलेले दिसतात. त्याच फळ्यांवर कधीकधी एक चमत्कारिक वस्तू आढळते : तान्ह्या मुलाचे दोन बूट, दोन्ही बाहेरच्या दिशेने वळवलेले आणि मध्ये धातूच्या एका पट्टीने जोडलेले. गिऱ्हाईक पुष्कळदा चुकीच्या मापाचा जोड घेऊन जाते आणि विक्रेत्यालाही हे बूट नेमके कशासाठी आहेत याची पुरती कल्पना नसते. पावलाची वाकलेली हाडे जाग्यावर आणणाऱ्या साधनांमध्ये ही पट्टी सर्वांत स्वस्त आहे, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षितही. या साधनांचा विचार वैद्यवर्ग व औषधविक्रेते यांच्यापुढे एकत्रितपणे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पावलाच्या हाडांपासून आरंभ करू. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात एकेका सक्थीत तीस अस्थी सांगितल्या आहेत. पायाच्या प्रत्येक बोटात तीन याप्रमाणे पंधरा, तल-कूर्च-गुल्फ या प्रदेशात दहा आणि पार्ष्णीत म्हणजे टाचेत एक. यांची बेरीज २६ होते. आधुनिक शारीरशास्त्रही पावलात २६ हाडेच मोजते. मात्र बेरीज जुळली तरी हिशेब जुळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंगठ्यात प्रत्यक्षात दोनच पेरे असतात, त्यामुळे बोटांची हाडे १४ भरतात आणि उरलेल्या भागात ११ ऐवजी १२ हाडे निघतात. व्याख्यानांतून हे साम्य टाळ्यांसाठी वापरले जाते, त्याबद्दल आम्हांस फारसे कौतुक नाही. विचारार्ह गोष्ट वेगळी आहे. इतक्या लहान जागेत इतकी हाडे आहेत हे ज्याने शवावर पाहिले, त्याला एक हाड हलले की शेजारची चार हलतात हे कळल्यावाचून राहिले नसणार.

भग्नचिकित्सेच्या अध्यायात याची साक्ष मिळते. खाली गेलेले हाड वर उचलावे, वर आलेले दाबावे, एकमेकांवर चढलेले ओढून मोकळे करावे, ही तेथील शिकवण. आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हा क्रम प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. यंत्रविधीच्या अध्यायात एकशे एक यंत्रे सांगूनही हातालाच प्रधान यंत्र म्हटले आहे. हाड बसवण्यासाठी हात आणि बसलेले राखण्यासाठी कुशा, अशी ही कामाची वाटणी आहे. कुशेसाठी मधूक, उदुंबर, अश्वत्थ, पलाश, अर्जुन, वेळू, सर्ज आणि वट यांच्या साली व पट्ट्या सांगितल्या आहेत. तळपायाच्या भग्नासाठीचा उपदेश तर अगदी थोडक्यात आहे : पाऊल तुपाने माखावे, कुशा ठेवून कापडी पट्ट्याने बांधावे आणि व्यायाम वर्ज्य करावा. जांघ व मांडीच्या भग्नात फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय जखडण्याची कपाटशयनाची योजना आहे. त्यातली एक खुंटी तळपायाशी येते, कारण पाऊल लोळले की वरचे हाडही फिरते.

बंधनाविषयी सुश्रुतांनी दिलेला इशारा आजच्या प्लास्टर घालणाऱ्यानेही भिंतीवर लावावा असा आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही. आवळला तर सूज, वेदना आणि पाक होतो. थंडीत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी पट्टी बदलण्याचा नियमही तेथेच आहे.

आता जन्मजात वाकड्या पावलाकडे वळू. साधारणपणे हजार जिवंत जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. टाच वर ओढलेली, पाऊल आत वळलेले, तळवा दुसऱ्या पायाकडे पाहतो आहे असे ते दिसते. सुश्रुतांनी जन्मबलप्रवृत्त व्याधींत पंगुत्वाची गणना केली आणि त्याचे कारण मातेच्या अपचारात शोधले. येथे आम्ही आचार्यांच्या मताला आजच्या ज्ञानाची जोड देणे आवश्यक मानतो. बहुसंख्य बालकांत या व्यंगाचे निश्चित कारण सापडत नाही, आणि ग्रहणात भाजी चिरली किंवा डोहाळे पुरवले नाहीत असल्या कारणांवरून बाळंतिणीला बोल लावणाऱ्या घरात वैद्याने तिची बाजू घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

या पावलात हाडे मोडलेली नसतात. ती चुकीच्या जागी धरून ठेवलेली असतात. टॅलस हे घोट्याचे हाड नडगीच्या खोबणीत अडकलेले असते. त्याच्या पुढचे नौकाकृती हाड आतल्या बाजूला सरकलेले असते आणि टाचेचे हाड त्याच्याखाली आत वळून वर उचललेले असते. पूर्वी अशी पावले जोराने सरळ करीत, नाहीतर मोठी शस्त्रक्रिया करून सारी बंधने मोकळी करीत. अशी पावले सरळ दिसत, पण मूल मोठे झाले की ती ताठ आणि दुखरी होत. स्पेनमध्ये जन्मलेले व अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून दुसरा मार्ग दाखवला. वैद्यकजगताने तो स्वीकारायला चाळीसएक वर्षे लावली. पोन्सेटी २००९ साली वारले, तोवर ही पद्धत जगभर प्रमाण मानली जाऊ लागली होती.

या पद्धतीचे मुख्य यंत्र म्हणजे वैद्याचा अंगठा. तो पावलाच्या बाहेरच्या अंगाला टॅलसच्या डोक्यावर टेकवायचा आणि त्या टेकूभोवती उरलेले पाऊल हळुवारपणे बाहेर फिरवायचे. अंगठा थोडा पुढे, टाचेच्या व घनाकृती हाडाच्या सांध्यावर टेकला, तर टाच अडकून बसते आणि सारे श्रम वाया जातात. दोन बोटांच्या अंतराची ही चूक, पण तिच्यामुळे कित्येक मुलांचे महिने फुकट गेले आहेत. हाताने मिळवलेली दुरुस्ती मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये राखायची, पाच ते सात दिवसांनी ते काढून पुन्हा थोडे फिरवायचे आणि पुन्हा बांधायचे. सामान्यतः पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळते. टाच मात्र बहुधा खालीच येत नाही. तेव्हा स्थानिक बधिरता देऊन बारीक पात्याने टाचेची कंडरा त्वचेतूनच छेदतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात ती कंडरा लांब होऊन पुन्हा जुळते.

आंछन, पीडन, बंधन आणि आठवड्याने बंध बदलणे यांच्याशी हे साम्य पाहून वाचकांच्या मनात अभिमान उमटला असेल. तो आमच्याही मनात उमटतो. परंतु सुश्रुतांनी सहज वक्रपादाची ही चिकित्सा लिहून ठेवलेली नाही, आणि जे लिहिले नाही ते त्यांच्या पदरी बांधण्याने त्यांची थोरवी वाढत नाही. भग्नासाठी घडलेला हात येथे उपयोगी पडतो, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

आता ती बुटांची पट्टी. शेवटचे प्लास्टर निघाल्यावर त्याच दिवशी ती घालायची असते. वाकड्या पावलाचा बूट ६० ते ७० अंशांनी बाहेर वळवलेला, निरोगी पावलाचा ३० ते ४० अंशांनी, आणि दोहोंमधील अंतर बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतके. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री व झोपेच्या वेळी ती घालावी लागते. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ही पट्टी मध्येच सोडून देणे. बाळ रडते, आजीचा जीव तुटतो, चार दिवस पट्टी कपाटात जाते, आणि महिन्याभरात टाच पुन्हा वर चढते. विक्रेत्यांना आमची विनंती आहे की जोड विकताना खांद्याचे माप विचारावे, टाच बुटात पूर्ण बसते की नाही ते पाहावे आणि मूल वाढले की जोड बदलावा लागेल हे आधीच सांगावे. ही दोन मिनिटांची बातचीत त्या बालकाला पुढची शस्त्रक्रिया चुकवू शकते.

ज्यांची वेळ निघून गेली त्यांचे काय? चार-पाच वर्षांचे मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत येते आणि त्या कडेला जाड घट्टा पडलेला असतो. अशा पावलांसाठी मुंबईचे अस्थिशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी केलेले कार्य आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. त्यांनी सिद्ध केलेली बाह्य स्थिरीकरण रचना ‘जेस’ या नावाने ओळखली जाते. त्या नावाचे पहिले अक्षर जोशींचेच आहे. परदेशी वर्तुळाकार चौकटी महाग आणि अवजड होत्या. जोशींनी बारीक किर्शनर तारा, वाकवलेल्या सळ्या आणि साधे जोड वापरून हलकी चौकट तयार केली. तारांची एक पकड नडगीच्या हाडात, दुसरी टाचेच्या हाडात आणि तिसरी पावलाच्या पुढच्या लांब हाडांत. या पकडींच्या मध्ये फिरकीचे ताणक बसवतात. आतल्या बाजूचा ताणक दर सहा तासांनी पाव मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूचा दर बारा तासांनी पाव मिलिमीटर फिरवायचा. म्हणजे आतली बाजू दिवसाला एक मिलिमीटर आणि बाहेरची अर्धा मिलिमीटर लांबते, आणि या फरकामुळेच पाऊल बाहेर वळत जाते. फिरकी फिरवण्याचे काम घरी आई करू शकते. हाड न कापता, मऊ ऊतींना वाढायला वेळ देऊन केलेले हे आंछनच आहे, फक्त त्याचे माप मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शात ठरवलेले आहे.

असे मूल आपल्याकडे दुसऱ्या काही तक्रारीसाठी आले तर तारांच्या तोंडांशी तेल, तूप अथवा लेप लावू नये. तेथे कोरडेपणा व स्वच्छता हवी. तारेभोवती लाली, स्राव किंवा ठणका दिसला, बोटे निळसर झाली वा गार पडली, तर त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे.

हाड घट्ट झाल्यावर मात्र कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वाकडे जुळलेले कांडभग्न पुन्हा फोडून समस्थितीत आणावे आणि नव्या भग्नाप्रमाणे उपचार करावेत, हे सुश्रुतांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पावलाच्या अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ येऊन अंगठा शेजारच्या बोटांवर चढतो, तेव्हा आजचे शल्यविशारद नेमके हेच करतात : लांब हाडाला छेद देऊन त्याचे डोके सरकवतात आणि तार, मळसूत्र किंवा छोट्या पट्टीने ते धरून ठेवतात. वाग्भटांनी हाडे छेदण्यासाठी दहा अंगुळे लांब, दोन अंगुळे रुंद, बारीक दात्यांचे आणि चांगल्या मुठीचे करपत्र वर्णिले आहे. आजची कंपनकरवत त्याच जातीची. तिच्या घर्षणाने हाड भाजू नये म्हणून पाते चालू असताना त्यावर सलाईनची धार सोडत राहतात, कारण भाजलेली कड जुळायला उशीर लागतो.

उपकरणांच्या दर्जाविषयी लिहिल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. सुश्रुतांनी यंत्रांचे बारा दोष सांगितले आहेत. त्यांतील अग्राही, विषमग्राही, शिथिल आणि मृदुकील हे दोष स्वस्तातल्या हाडपकडीत आजही हमखास सापडतात. पकड मिटवून उजेडासमोर धरावी. दोन्ही जबड्यांमध्ये फट दिसली तर ती विषमग्राही समजावी. खिळा डुगडुगत असेल तर ती परत करावी. शरीरात राहणाऱ्या पट्ट्या व मळसूत्रे यांत दोन भिन्न धातू एकत्र वापरू नयेत, हाही नियम विक्रेत्याला माहीत हवा. या क्षेत्रात महाराष्ट्राचा हात लहान नाही. रत्नागिरी जिल्ह्यात देवरूखजवळच्या साडवली येथे अस्थिरोपणांची निर्मिती उभी राहिली, आणि ‘सुश्रुत’ हे नाव वर्षानुवर्षे अस्थिशल्याच्या उपकरणांवर झळकले. २०१३ साली स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने अ‍ॅडलर मेडिइक्विप ही कंपनी आणि सुश्रुत सर्जिकल्सची नाममुद्रा विकत घेतली. आमच्या आचार्यांचे नाव लंडनच्या ताळेबंदात गेले, याची मौज वाटावी की खंत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेवटी सर्वांत निकडीचा मुद्दा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यातील फिरत्या तपासणी पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात आणि तपासावयाच्या जन्मजात दोषांत वाकडे पाऊल समाविष्ट आहे. म्हणजे खेड्यातले असे पाऊल पहिल्यांदा हातात घेणारा चिकित्सक पुष्कळदा आपल्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो. त्याने काय पाहावे? बाळाचे पाऊल हलक्या हाताने मध्यरेषेवर आणावे. ते सहज आले आणि टाचही खाली आली, तर ते गर्भातल्या स्थितीमुळे वळलेले पाऊल असून बहुधा आपोआप सुधारते. ते ताठ राहिले आणि टाचेमागे खोल घडी दिसली, तर ते खरे वक्रपाद होय. त्याच वेळी पाठीच्या कण्यावर खड्डा, केसांचा पुंजका वा गाठ आहे का ते पाहावे आणि दोन्ही खुबे तपासावेत. अभ्यंगाने बाळ सुखावते, ते अवश्य करावे. पण ‘तेलाने चोळून सरळ होईल, सहा महिन्यांनी पाहू’ असे सांगू नये. पहिल्या काही आठवड्यांत बंधने मऊ असतात आणि प्लास्टराला वश होतात. म्हणून चिठ्ठीवर अस्थिशल्यविभागाचे नाव लिहून ‘याच आठवड्यात’ असे स्पष्ट लिहावे, आणि शक्य झाल्यास पुढच्या फेरीत त्या घरी जाऊन प्लास्टर सुरू झाले की नाही ते विचारून यावे.