टायर की चालक?

शर्यत जिंकतो तो चालक की टायर, हा वाद घाटकोपरच्या चहाच्या टपरीवरही रंगतो. 24 सप्टेंबर 2023 रोजी ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत मार्को बेझेक्कीने जिंकली. उष्म्यामुळे तिच्या 24 फेऱ्यांच्या 21 कराव्या लागल्या होत्या. टायर सर्वांनाच मिशेलिनचे. उरतो तो फरक निवडीचा आणि काटकसरीचा. आरंभीच उधळलेली पकड अखेरीस परत मिळत नाही. मर्यादित साधनांचा विवेकाने विनियोग हेच येथे खरे कौशल्य होय. मात्र ते बंदिस्त धावमार्गावरच शिकता येते आणि मुंबईत तसा कायमचा धावमार्ग नाही. पूर्व द्रुतगती मार्गावर रात्री जीव धोक्यात घालणाऱ्या तरुणांना आवरावयाचे, तर दंडाबरोबर ही सोयही व्हावयास हवी.