गुळवेलीची तीन परीक्षणे

(लेखांक सातवा)

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची जी यात्रा भरते, तिची कीर्ती नवसांइतकीच बैलबाजारामुळे पसरलेली आहे. मुरबाड, शहापूर, कर्जत या भागांतील शेतकरी येथे येतो, बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून घेतो आणि या सर्व कसोट्यांतून जनावर उतरले तरच बयाणा देतो. परंतु तोच शेतकरी तापावर किंवा काविळीवर एखाद्या वैदूने दिलेली मुळी घेऊ लागला म्हणजे त्याची ही चिकित्सक वृत्ती कोठल्या कोठे जाते. देणाऱ्याचा शब्द आणि वाडवडिलांचा अनुभव एवढ्याच दाखल्यांवर भिस्त ठेवून तो ती पदरात पाडून घेतो. याचा दोष त्याला देणे न्यायाचे नाही, कारण बैल पारखण्याची रीत त्याला बापाने शिकविली. औषध पारखण्याची रीत त्याच्यापर्यंत कोणी पोचविलीच नाही. गेल्या लेखांकात आपण रुग्णांची दोन गटांत वाटणी करताना ती वैद्याच्या मर्जीवर न सोपविता यदृच्छेवर का सोपवावी लागते, ते पाहिले. आज तोच विचार पुढे नेऊन, या तालुक्यांच्या रानात सर्वत्र आढळणाऱ्या एका वेलीचा प्रवास रानापासून परळच्या रुग्णालयापर्यंत तपासावयाचा आहे.

ही वेल म्हणजे गुळवेल. पान हृदयाच्या आकाराचे, बोटाएवढ्या जाड खोडावर कागदासारखी पातळ, सहज सोलून निघणारी साल, तिच्याखाली हिरवा रसरशीत गर, आणि उंच फांद्यांवरून खाली लोंबणारी सुतळीसारखी मुळे, ही तिची ओळख. आडवा काप घेतला तर मध्यापासून परिघाकडे गेलेल्या रेषा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे दिसतात. तोडून फांदीवर टांगून ठेवलेला तुकडासुद्धा ओलाव्याच्या आधारावर पुन्हा पालवतो, इतकी तिची जीवनशक्ती चिवट आहे. शहापूर तालुक्यातील कातकरी समाजाने या वेलीचा संग्रह हा अलीकडे उपजीविकेचा एक मार्ग केला असून, ट्रायफेड या आदिवासींच्या मालाच्या विक्रीसाठीच्या सरकारी संस्थेच्या वनधन योजनेखाली तेथील आदिवासी तरुणांच्या संस्थेस २०२१ साली मोठ्या औषधी कंपन्यांकडून साडेतीनशे टन गुळवेलीची मागणी आली. तिची किंमत दीड कोटी रुपयांहून अधिक होती. कोविडच्या महासाथीच्या भयाने घरोघर काढे उकळू लागले तेव्हा शहापूरच्या रानात कोयता चालविणारा हात आणि शहरातील औषधाच्या दुकानातून गोळ्यांची बाटली उचलणारा हात यांच्यामध्ये किती जणांनी त्या मालाची परीक्षा केली, हा प्रश्न त्या वर्षात फारसा कोणी विचारला नाही.

परीक्षेचा विचार करू लागताच पहिली अडचण अशी उभी राहते की ‘गुळवेल’ या एका नावाखाली रुग्णाच्या पोटात जाणारे पदार्थ एकमेकांपासून बरेच भिन्न असतात. ओली वेल ठेचून पिळलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटविलेला क्वाथ, गार पाण्यात रात्रभर भिजवून केलेला हिम आणि गरम पाण्यात मुरवून केलेला फांट, असे पाच प्रकार शार्ङ्गधरासारख्या ग्रंथकारांनी काटेकोरपणे वेगळे मानले आहेत. याखेरीज गुळवेलीचे सत्त्व निराळेच. ते करावयाचे तर बोटभर लांबीचे ओले तुकडे ठेचून चौपट पाण्यात रात्रभर भिजवितात, सकाळी हातांनी चांगले कुस्करून फडक्यातून गाळतात, आणि ते गढूळ पाणी काही तास न हलविता ठेवले म्हणजे तळाशी पांढरा गाळ बसतो. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकून तो गाळ वाळविला की सत्त्व तयार झाले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा गाळ बहुतांशी पिष्ट होय, आणि पाण्यात विरघळणारी कडू द्रव्ये ओतून दिलेल्या पाण्याबरोबरच पुष्कळशी निघून जातात. तेव्हा सत्त्वाचा प्रत्यय काढ्याला लागू करणे, किंवा काढ्यावर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सत्त्वाच्या डबीवर छापणे, हे एकाच्या नावाचा दस्तऐवज दुसऱ्याच्या नावाने रुजू करण्यासारखे आहे.

कृतीतील हा भेद केवळ पुस्तकी नाही, याचे विसाव्या शतकातील सर्वांत ठळक उदाहरण चीनमध्ये घडले. व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांना हिवतापाने जर्जर केले आणि जुनी औषधे त्या रोगजंतूंपुढे निष्प्रभ ठरू लागली, तेव्हा चिनी सरकारने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधनकार्य सुरू केले आणि त्या तारखेवरूनच त्यास ‘५२३’ हा क्रमांक दिला. १९६९ साली बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतील टू यूयू या विदुषीकडे त्यातील एका गटाची धुरा आली. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांवर जुने पाठ धुंडाळले, सुमारे दोनशे वनस्पतींपासून तीनशे ऐंशी अर्क काढले आणि ते हिवतापाची लागण केलेल्या उंदरांवर अजमावून पाहिले. छिंगहाव नावाच्या, दवण्याच्या कुळातील वनस्पतीचा अर्क आरंभी आशादायक वाटला, परंतु पुढील प्रयोगांत तो गुण टिकेना.

तेव्हा टू यूयूने चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात ही वनस्पती उकळण्यास सांगितलेली नव्हती. ती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा, असे सांगितले होते. म्हणजे आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर तो क्वाथ नव्हता. त्याचे नाते हिमाशी आणि स्वरसाशी होते. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क करून तिने अवघ्या पस्तीस अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातील रोगजंतूंचा संपूर्ण निःपात केला. याच ओघात असेही लक्षात आले की ते द्रव्य पानांतच असते, काड्यांत नसते. आणि बीजिंगच्या परिसरातील वनस्पतींत ते अत्यल्प, तर सिचुआनकडील वनस्पतींत विपुल असते. १९७२ च्या जुलैत टू यूयूने व दोघा सहकाऱ्यांनी तो अर्क प्रथम स्वतः घेतला, आणि मगच हैनान बेटावरील एकवीस रुग्णांना तो देण्यात आला. या कार्याला २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ग्रंथाने येथे काय केले आणि काय केले नाही, हे नीट ध्यानी घेतले पाहिजे: त्याने दिशा दाखविली, निकाल उंदरांनी आणि रुग्णांनी दिला. गे होंगच्या ग्रंथात असंख्य पाठ आहेत, आणि ग्रंथाचे प्रामाण्य हाच पुरावा मानला असता तर त्यांपैकी कोणता खरा व कोणता व्यर्थ हे कधीच कळले नसते.

आता परळकडे वळू. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदीय औषधांचे आधुनिक पद्धतीने परीक्षण करण्याचा जो संकल्प केला, त्यातून १९८९ साली के. ई. एम. रुग्णालयात आयुर्वेद संशोधन केंद्र उभे राहिले. मराठी वाचकांना डहाणूकरबाई वृक्षवेलींवर रसाळ लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. पण ज्या दृष्टीने त्यांनी झाडांवर लिहिले त्याच दृष्टीने प्रयोगशाळेत त्या गुळवेलीकडे पाहत होत्या, हे तितकेसे परिचित नाही. डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासह त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या उदरपोकळीत ई. कोलाय जिवाणू टोचले असता, साध्या गटातील सर्वच्या सर्व उंदीर मृत्युमुखी पडले, तर आधी गुळवेलीचा अर्क दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आले. मौज अशी की काचपात्रात तोच अर्क त्याच जिवाणूंवर सोडला असता त्यांचे काहीच बिघडले नाही. अर्थात अर्क शत्रूला स्वतः मारीत नव्हता. शरीराच्या रक्षक पेशींना, म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशींना, जिवाणू गिळून नष्ट करण्यास अधिक समर्थ करीत होता.

प्रयोगशाळेतील हे परीक्षण झाल्यावरच प्रकरण रुग्णाच्या खाटेपाशी गेले, आणि तेथे रोगाची निवडही मोठ्या विचाराने करण्यात आली. पित्तवाहिनी खड्याने वा गाठीने तुंबून जी कावीळ होते, तिच्यात शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पुष्कळ रुग्ण जंतुदोष रक्तात भिनून दगावत, कारण तुंबलेल्या पित्तामुळे याच श्वेतपेशी निस्तेज झालेल्या असत. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट, डहाणूकरबाई व त्यांचे सहकारी यांनी अशा तीस रुग्णांची यदृच्छेने वाटणी केली. एका गटास के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि पित्ताचा निचरा हा रूढ उपचार मिळाला. दुसऱ्यास हे सर्व, आणि निचऱ्याच्या काळात दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे सोळा मिलिग्रॅम गुळवेल. १९९३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: यकृताच्या कार्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही; परंतु श्वेतपेशींची शक्ती केवळ गुळवेलीच्या गटातच पूर्ववत झाली. जंतुदोष पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना झाला, दुसऱ्यात कोणालाच नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्यात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के राहिले.

या आकड्यांनी हर्षभरित होण्यापूर्वी दोन गोष्टी दप्तरी नोंदवून ठेवाव्यात. एक तर तीस ही संख्या लहान आहे, आणि लहान संख्येत दैवाचा वाटा मोठा असतो. असा निष्कर्ष शेकडो रुग्णांत, अनेक रुग्णालयांत पुन्हा पडताळला जावा लागतो. दुसरे असे की हा प्रयोग गुळवेल कावीळ बरी करते असे मुळीच म्हणत नाही. यकृतावर काही परिणाम दिसला नाही असेच तो स्पष्टपणे सांगतो, आणि तरीही बाजारात त्याचा उलटा अर्थ सर्रास लावला जातो. मात्रेचा प्रश्न याखेरीज उरतोच. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली मुंबईतील पन्नास रुग्णांच्या आधारे सर्पगंधा रक्तदाब उतरविते असे दाखविल्यावर अवघ्या तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनी तीतून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले, आणि त्यानंतर मात्रेविषयीची संदिग्धता संपली. गुळवेलीतून असे एकच कर्ते द्रव्य हाती आलेले नाही. अनेक द्रव्ये मिळून ती कार्य करीत असावी, आणि त्यामुळेच अर्क कोणत्या मालाचा व कोणत्या कृतीचा, ही बाब तिच्या बाबतीत अधिकच निर्णायक ठरते.

याचा कटू प्रत्यय महासाथीत आला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत पुढील वर्षी प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली ती अशी, की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती हे तपासलेले नाही, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, अधिक खरबरीत व गाठाळ खोडाच्या क्रिस्पा जातीची वेल चुकून घेतली गेली असावी. पुढे १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात हाती आलेल्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करणही करण्यात आले, आणि विशेषतः ज्यांची रक्षणव्यवस्था आपल्याच यकृताविरुद्ध उठण्याकडे आधीपासून कललेली असते त्यांना खऱ्या गुळवेलीपासूनही धोका संभवतो, असे त्यातून पुढे आले. परळच्या प्रयोगाशी हे विसंगत नाही. जे द्रव्य रक्षक पेशींना चेतविते, तेच बहकलेल्या रक्षकांनाही चेतवील. गुण आणि दोष एकाच मुळातून निघालेले आहेत.

तात्पर्य, वनौषधीची परीक्षणे तीन: रानात ओळखीचे, प्रयोगशाळेत कार्याचे आणि रुग्णालयात तुलनेचे. दुसऱ्या व तिसऱ्याचा आपण पुष्कळ गौरव करतो. पहिल्याची मात्र आपल्या संशोधनव्यवस्थेत तितकीशी दखल घेतली जात नाही. टू यूयूचे यश पानांवर आणि प्रांतावर अवलंबून होते, तसे गुळवेलीचेही वेल कोणत्या झाडावर चढली, कोणत्या ऋतूत तोडली, ओली वाळविली की सडू दिली, यांवर अवलंबून असू शकते, आणि ही माहिती ज्याच्यापाशी आहे तो शहापूरचा कातकरी संग्राहक शोधनिबंधात साक्षीदार म्हणून क्वचितच नमूद होतो. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर रान, आधारवृक्ष, तोडीचा महिना आणि एका वाळविलेल्या फांदीचा नमुना रुजू करण्याची तजवीज खरेदीकेंद्रावर झाली, आणि त्या कामाचा वेगळा मेहनताना त्याला मिळाला, तर यकृताच्या प्रकरणासारखा वाद वर्षानुवर्षे न रेंगाळता आठवड्यात निकाली निघेल. त्याला केवळ मजूर समजून वजनावर पैसे मोजणे हा अन्याय तर आहेच, पण शास्त्राचे नुकसानही आहे.

तिसऱ्या परीक्षणातील एक अडचण मात्र आज बाजूला ठेवली आहे. तुलनेच्या गटास औषधाऐवजी काही तरी निरुपद्रवी द्यावे लागते, आणि ते गोळीचे असेल तर सोपे. परंतु गुळवेलीच्या काढ्याइतकी कडू, त्याच रंगाची, त्याच वासाची आणि तरीही निर्गुण अशी वस्तू तयार कशी करावयाची? चिनी वैद्यकाच्या संशोधकांना तर सुई टोचण्याच्या उपचारात हाच प्रश्न अधिक बिकट रूपात भेटला. त्याचा विचार पुढील लेखांकात करू.