ठिबकाची आम्ल प्रक्रिया आणि घरातील शौचालय

ठिबक संचाच्या तोट्यांत क्षार साचले की आम्ल प्रक्रिया करावी आणि शेवाळ वाढले की क्लोरीन प्रक्रिया करावी, हे बागायतदारांना आता वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही प्रक्रिया एकत्र करू नयेत, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच विंधन विहिरीचे पाणी घरातील शौचालयात वापरले जाते, भांड्यावर तोच पांढरट थर बसतो, आणि तेथे हे ज्ञान उपयोगात आणले जात नाही. बाजारातून सुटे ॲसिड आणायचे, वर मूठभर ब्लीचिंग पावडर टाकायची आणि दार लोटून घ्यायचे, अशी रीत अनेक घरांत दिसते. ती भांड्याला व खड्ड्याला अपायकारक आहेच; परंतु पहिला धोका साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला असतो, आणि ती बहुधा घरातील स्त्री असते.

थर कशाचा?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेतले जाते. विंधन विहिरीच्या अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात. पाणी भांड्यावर सुकताना कर्बवायू निघून जातो आणि न विरघळणारा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मागे राहतो. त्यात मूत्राची भर पडते. मूत्रातील युरियाचे विघटन जिवाणूंच्या युरियेज या विकरामुळे होऊन अमोनिया तयार होतो, सामू वाढतो आणि फॉस्फेटचे क्षारही थरात बसू लागतात. पिवळा, चिवट डाग तो हाच. उघड्यावर फेकलेल्या युरियातून अमोनिया उडून जातो आणि नत्र वाया जाते, त्यामागेही हेच विकर असते. फरक इतकाच की शेतात नुकसान खताचे होते आणि शौचालयात दुर्गंधी सुटते.

चुनखडीयुक्त जमीन ओळखण्यासाठी मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का ते पाहतात. हीच परीक्षा भांड्यावर करता येते. कोरड्या डागावर लिंबूसत्त्वाच्या द्रावणाचे चार थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर थर चुन्याचा आहे. फॉस्फेटच्या थरातून बुडबुडे येत नाहीत, तरी तोही आम्लात विरघळतो. लोहयुक्त पाण्याचे तांबूस डाग लिंबूसत्त्वाने विशेष चांगले निघतात, कारण सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवते. ब्लीचिंग पावडर डागाचा रंग उडवते, पण थर तेथेच राहतो. काही दिवसांत त्याच खरखरीत पृष्ठभागावर नवी घाण बसते आणि पावडर कमी पडली असा समज होतो.

स्वयंपाकघरातील आम्ले

ढोकळ्यासाठी आणलेले लिंबूसत्त्व हेच सायट्रिक आम्ल. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवावे. उकळते पाणी वापरू नये. त्याने चिनी मातीचे भांडे तडकण्याची भीती असते. रात्री सर्वांचा वापर संपल्यावर भांड्यातील पाणी जुन्या मगाने शक्य तितके उपसावे, कारण साचलेल्या पाण्यात द्रावण पातळ होऊन निकामी ठरते. नंतर जुने सुती फडके द्रावणात भिजवून डागांवर अंथरावे. उभ्या भागावर द्रावण नुसते ओतले तर क्षणात वाहून जाते. फडक्यामुळे ते सहा ते आठ तास थराला भिडून राहते. सकाळी फडके उचलून ब्रशने घासावे व पाणी टाकावे. वर्षानुवर्षांचा थर एका रात्रीत जात नाही. दोन-तीन वेळा हेच करावे लागते. हातमोजे वापरावेत आणि द्रावण डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्यावी.

पांढरा व्हिनेगरही चालतो, परंतु त्यात आम्ल चार-पाच टक्केच असल्याने वेळ अधिक लागतो व खर्चही वाढतो. ताकातील आम्ल याहून सौम्य. शिवाय मागे राहिलेला अंश माश्या बोलावतो. पिळून झालेल्या लिंबाच्या साली घासायला हरकत नाही, ताजी लिंबे मात्र त्यासाठी खर्ची घालू नयेत. राख, वाळू किंवा विटेची भुकटी यांनी भांड्याची झिलई ओरखडली जाते आणि ओरखड्यांत घाण अधिक धरते. भांडे सिमेंटचे किंवा मोझॅकचे असेल, तर कोणतेच आम्ल रात्रभर ठेवू नये. सिमेंटमधील चुनाही आम्लात विरघळतो. तेथे साबणाचे पाणी आणि ब्रश यांवरच भागवावे.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची युक्ती सध्या फार लोकप्रिय आहे. फेस भरपूर येतो, पाहणाऱ्याचे समाधान होते. परंतु आम्ल व अल्क परस्परांना मारतात आणि उरते ते मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट. सोडा वेगळा वापरला तर हलक्या घासणीचे काम चांगले करतो. मूत्राच्या दर्पावर मात्र तो उपाय नव्हे. तो दर्प अमोनियाचा, म्हणजे अल्कधर्मी. त्याला बांधून ठेवते ते आम्लच.

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल यांचा संयोग सर्वांत घातक. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बाजारातील शौचालय-स्वच्छकांत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पण लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर यांच्याशीही हीच अभिक्रिया होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. घरगुती वस्तू म्हणून त्या निर्धोक, असे येथे समजू नये. मूत्र धुऊन न टाकता ब्लीचिंग पावडर टाकली तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचे त्रासदायक वायू तयार होतात. घरात अतिसाराचा रुग्ण असल्यास निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर जरूर वापरावी; मात्र आम्लाचा वापर वेगळ्या दिवशी, आणि मध्ये भांडे भरपूर पाण्याने धुऊन. डोळे चुरचुरू लागले किंवा घशात ठसका लागला, तर आणखी काही न ओतता तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे.

खड्ड्यातील जिवाणू

दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर प्रवाह दुसऱ्याकडे वळवतात आणि पहिला सुमारे दोन वर्षे बंद ठेवतात. त्या काळात मैल्याचे सोनखत होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचा पुरस्कार केला होता, तो याच विचाराने. हे काम जिवाणूंचे आहे. आठवड्यातून एकदा थोडे स्वच्छक गेल्याने खड्डा मरत नाही, तेवढे आम्ल तेथील मैला व माती पचवतात. परंतु तीव्र ॲसिड, फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर रोज व सढळ हाताने ओतल्यास विघटन मंदावते.

शौचालय बायोगॅस संयंत्राला जोडलेले असेल तर अधिक जपावे लागते. मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव उदासीन सामूच्या आसपासच नीट काम करतात. अशा घरात रोज पाणी व ब्रश, आणि थर दिसू लागला तरच लिंबूसत्त्वाचे फडके, इतकेच ठेवावे. फडक्यासाठी अर्धा लिटर द्रावणही पुरते. संयंत्रात पोहोचेपर्यंत ते पाण्याने बरेच पातळ होते.

घरात आधीच सुटे ॲसिड आणलेले असेल, तर ते शीतपेयाच्या बाटलीतून काढावे. मुले ती बाटली पेयाचीच समजतात. जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी व ब्लीचिंग पावडरपासून दूर ते ठेवावे.