हरिणासाठी कोणते कॅलिबर? हातबंदुकीचा आकडा, गोळीची ऊर्जा आणि कायदा

या पाठाची सुरुवात आपण एका कल्पित प्रश्नाने करू. रायपूरची पुरानी बस्ती डोळ्यांपुढे आणा. महामाया मंदिराच्या आसपासचा हा शहराचा जुना भाग. छत्तीसगडवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली, त्यामुळे मराठी घरे या मुलखाला नवीन नाहीत. समजा, अशाच एका घरात आजोबांच्या नावावर .३२ चे परवानाधारक रिव्हॉल्वर आहे आणि दिवाणखान्यात सांबराची जुनी शिंगे टांगलेली आहेत. शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर बारनवापाराचे जंगल. तिथे चितळांचे कळप दिसतात. कॉलेजात शिकणारा नातू विचारतो, "या रिव्हॉल्वरने चितळ पडले असते का? नसेल, तर कोणत्या कॅलिबरचे लागेल?"

भारतात आज या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: कोणतेही नाही. तरीही प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. त्यात भौतिकशास्त्र आहे, थोडी भूमिती आहे, आणि आपल्या कायद्याचा फारसा कोणी न वाचलेला एक भाग आहे.

आकडा नेमके काय सांगतो

कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास. .३२ म्हणजे ढोबळमानाने इंचाचे बत्तीस शतांश. आकडा मोठा म्हणजे हत्यार जबर, असा समज सिनेमांनी पक्का केला आहे; तो खरा नाही. '.३८ स्पेशल' आणि '.३५७ मॅग्नम' या दोन काडतुसांतील गोळी एकाच व्यासाची, ०.३५७ इंचाची असते. '.३८' हे नाव जुन्या काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या मापावरून आले आणि तसेच राहिले. '.४४ मॅग्नम'ची गोळीही प्रत्यक्षात ०.४२९ इंचाची आहे. म्हणजे हे आकडे अर्धे माप आणि अर्धे नाव असतात.

बंदुकीच्या 'बोअर'चा हिशेब तर आणखी वेगळा. बारा बोअर म्हणजे त्या नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. करून पाहा. एक पौंड ४५३.६ ग्रॅम, भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर येते. गोलाच्या सूत्राने त्रिज्या ०.९२७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साडेअठरा मिलिमीटर. येथे आकडा वाढला की नळी अरुंद होते. त्यामुळे 'बारा बोअर मोठी की बत्तीस कॅलिबर' अशी तुलना करूच नका. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

ऊर्जेचा हिशेब

गोळी जनावरावर किती काम करू शकेल याचा पहिला अंदाज गतिज ऊर्जेवरून येतो: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. .३२ रिव्हॉल्वरची गोळी सुमारे ६.३५ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला २२० मीटरच्या आसपास. उत्तर येते साधारण १५४ ज्यूल. .३८ स्पेशलची १०.२ ग्रॅमची गोळी २३० मीटर वेगाने सुमारे २७० ज्यूल देते. त्याच वजनाची आणि त्याच व्यासाची गोळी .३५७ मॅग्नममधून ३८० मीटर वेगाने सुटली, तर ऊर्जा ७३५ ज्यूलच्या पुढे जाते. व्यास तोच, वजन तेच, ऊर्जा पावणेतीन पट. कारण वेगाचा वर्ग होतो. .४४ मॅग्नमची १५.६ ग्रॅमची गोळी ४०० मीटर वेगाने सुमारे १२५० ज्यूलपर्यंत पोचते.

आता यांच्या शेजारी .३०-०६ ही शिकारी रायफल ठेवा. ११.७ ग्रॅमची गोळी, वेग ८२० मीटर, ऊर्जा ३९०० ज्यूलहून अधिक. घरातल्या .३२ च्या पंचवीस पट. (हे सर्व वेग नळीच्या तोंडाशी मोजलेले आहेत. काडतूस आणि नळीची लांबी बदलली की तेही बदलतात.)

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथल्या कायद्यांनी या हिशेबाला किमान मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हरणासाठी हातबंदूक वापरायची तर ऊर्जा किमान ३५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४७५ ज्यूल हवी. ओहायोत .३५७ किंवा त्याहून मोठे कॅलिबर आणि किमान पाच इंच नळी लागते. दोन्हीकडे आजोबांचे रिव्हॉल्वर बाद. इंग्लंड आणि वेल्स त्याहून कडक आहेत. तिथे मोठ्या हरणांसाठी रायफलच लागते, कॅलिबर किमान .२४० आणि ऊर्जा किमान १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूल. या मापाने .४४ मॅग्नमसुद्धा अर्ध्यावरच थांबते. दोन देशांच्या मर्यादांतला हा फरक भौतिकशास्त्रातून येत नाही. जनावर जखमी होऊन सुटण्याचा किती धोका समाज चालवून घेतो, याचे ते उत्तर आहे.

ऊर्जा पुरेशी असली तरी ती जनावराच्या शरीरात उतरली पाहिजे. कठीण आवरणाची गोळी आरपार जाते आणि उरलेली ऊर्जा पलीकडच्या झाडात घालवते. म्हणून शिकारीची गोळी मऊ टोकाची असते. ती आत शिरून पसरते. अशा गोळ्यांचे कुप्रसिद्ध नाव 'दमदम' हे कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारावरून पडले. १८९९ च्या हेग परिषदेने त्या युद्धात माणसांवर वापरण्यास मनाई केली. इंग्लंडमध्ये मात्र हरणासाठी पसरणारीच गोळी वापरा, असा कायदा आहे. विचित्र वाटते, पण हेतू पाहिला तर विसंगती उरत नाही: हरणाच्या बाबतीत जखमी ठेवण्यापेक्षा लवकर मारणे हे दयेचे मानले जाते.

खरी अडचण नेमाची

माझ्या मते कॅलिबरच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहते ती ही गोष्ट. रिव्हॉल्वरवर मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर साधारण १५ सेंटिमीटर असते. धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी किती सरकेल? समरूप त्रिकोण मांडा: एक भागिले १५०, गुणिले ५०,०००, म्हणजे ३३ सेंटिमीटर. रायफलवर हेच अंतर ६० सेंटिमीटर धरले, तर चूक सव्वाआठ सेंटिमीटरवर येते.

चितळाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा भाग जेमतेम एका ताटाएवढा असतो. ३३ सेंटिमीटरची चूक म्हणजे गोळी पोटात. असे जनावर पडत नाही, पळते. झुडपात शिरून तासन्‌तास तडफडते. फुप्फुसात नीट लागलेले हरीणसुद्धा बरेचदा काही अंतर पळून मग कोसळते, तर पोटात लागलेल्याचा माग काढणे किती कठीण, याची कल्पना करा. मोठे कॅलिबर ही चूक भरून काढत नाही. उलट त्याचा धक्का जोराचा, त्यामुळे चाप ओढतानाच हात दचकतो आणि चूक वाढते. म्हणूनच अमेरिकेत हातबंदुकीने शिकार करणारे अनुभवी लोक लांब नळी घेतात, दुर्बीण बसवतात, हाताला टेकू देतात आणि जवळ येईपर्यंत गोळी झाडत नाहीत. इतके सगळे जोडल्यावर ती हातबंदूक रायफलच्याच दिशेने निघालेली असते!

आपला कायदा काय म्हणत होता, काय म्हणतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, असे आपण सर्रास म्हणतो. पण मूळ कायद्यात परवान्याने शिकार करण्याची सोय होती. चितळ, सांबर आणि भेकर 'मोठी शिकार' या नावाच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. मात्र त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये अट होती की मोठी शिकार रायफलनेच करावी. परवान्यात खास मुभा असेल, तरच एकगोळी काडतुसाची बंदूक चालेल. रिव्हॉल्वर किंवा पिस्तुलाला त्यात जागाच नव्हती. म्हणजे शिकार कायदेशीर होती त्या काळातही नातवाच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणतेही नाही' हेच होते, आणि कारण आपण वर त्रिकोण मांडून पाहिलेलेच.

१९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने आणि कलम १७ दोन्ही काढून टाकले. आज कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्य प्राण्याची शिकार करता येत नाही. 'शिकार' या शब्दात मारणे, पकडणे, फासे लावणे, हाका करणे हे सगळे येते. नुसता प्रयत्नही येतो. त्यामुळे नेम चुकला ही पळवाट होऊ शकत नाही. वापरलेले हत्यार आणि वाहनही सरकारजमा होते.

दुसरा दरवाजा शस्त्र कायद्याचा, १९५९ चा. सैन्याची काडतुसे ज्यात बसतात अशी ९ मिलिमीटरची पिस्तुले किंवा .३०३ च्या रायफली 'प्रतिबंधित बोअर' मानल्या जातात. सामान्य परवानाधारकाकडे कानपूरच्या आयुधनिर्माणीचे .३२ दिसते, त्यामागे हेच कारण आहे. ते स्वसंरक्षणासाठी म्हणून दिलेले असते. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. आजोबांचे रिव्हॉल्वर नातवाने परवान्याशिवाय बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भिंतीवरच्या शिंगांचाही प्रश्न आहेच. कायद्याच्या भाषेत ती 'ट्रॉफी' ठरतात. ती घरात कशी आली आणि त्यांची नोंद आहे का, हे आजोबांना विचारून ठेवा.

पीक खाल्ले तर?

हा प्रश्न शेतकरी घरातले विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो खरा आहे. कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, सकारण परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी अशी व्यवस्था झाली. (रोही म्हणजे नीलगाय, ती हरीण नव्हे, तिची शिंगे दरवर्षी झडत नाहीत.) कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात आणि मुदतीत उपद्रवी घोषित करते. त्या आधारे २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि देशभर वाद झाला.

शस्त्र कायद्यातही पीकरक्षणाचा उल्लेख आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे छत्तीसगडात जिला 'भरमार' म्हणतात तिचा. दुर्दैवाने विदर्भात काय आणि छत्तीसगडात काय, चोरट्या शिकारीत बंदुकीपेक्षा विजेची उघडी तार जास्त घातक ठरते. वाहिनीवर आकडा टाकून पसरलेल्या तारेला चितळ, रानडुक्कर, वाघ किंवा पहाटे शेतावर निघालेला माणूस यांतला फरक कळत नाही. नुकसान झाले असेल तर वन विभागाकडे वेळेत अर्ज करून भरपाई मागणे, हा मार्ग कंटाळवाणा आहे, पण उपलब्ध आहे.

सरावासाठी

१. सोळा बोअर नळीचा व्यास काढा. (उत्तर सुमारे १६.८ मिलिमीटर यायला हवे.)

२. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने सुटली. ऊर्जा काढा आणि ती व्हर्जिनिया व इंग्लंडच्या किमान मर्यादांशी ताडून पाहा.

३. खाच आणि माशी यांत १० सेंटिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली. २५ मीटरवर गोळी किती सरकेल?